चिंचेची मयत

शेलूबाजारात कोणी गेलं, की आधी गफ्फारचा ऑटो निघतो. मयत मुसलमानाची असो की हिंदूची, भोंग्यावर आवाज त्याचाच. तो ऐकला की दुकानदार शटर खाली ओढतात आणि खांद्यावर दुपट्टा टाकून चालू लागतात. आजवर त्या भोंग्यावरून एकही खोटी बातमी गेलेली नाही. गफ्फारची कमाई म्हणायची तर एवढीच.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि बसस्टँडजवळची जुनी चिंच त्यात आली. लोक कुरकुरू लागले, तेव्हा कंत्राटदारानं समजूत घालायला नागपूरची एक प्रचारवाली कंपनी आणली. तिच्या हरीओम नावाच्या तरुणानं शोध लावला, की लोकांचा राग झाड तोडण्यावर नाही, ते कोरडेपणानं तोडण्यावर आहे. म्हणून 'वृक्ष कृतज्ञता सोहळा'. मजकूर त्यानं लिहिला आणि ज्याचं अख्खं गाव ऐकतं, त्या गफ्फारच्या हाती दिला.

"सूर जरा आनंदी ठेवा, चाचा."

"माह्यापाशी एकच सूर हाये, बापू."

त्याच सुरात तो गावभर सांगत फिरला: आपली सर्वांची लाडकी चिंच उद्या सकाळी अखेरचा निरोप घेणार आहे, हार घेऊन यावे.

सकाळी बाजार बंद. पुरुष दुपट्टे टाकून उभे, बाया डोक्यावर पदर घेऊन चिंचेखाली बसलेल्या. एवढा प्रतिसाद हरीओमला कुठेच मिळाला नव्हता. त्यानं ड्रोन उडवला.

आसेगावहून आलेल्या रुपाबाईनं विचारलं, "काहो गफ्फारभाई, रडाव का नाई?"

"त्या पोराले इचारा. कार्यक्रम त्याचा हाये."

तिनं विचारलं नाही, सरळ गळा काढला. मग सगळ्याच बायांनी काढला. करवत घेऊन आलेले मजूर गावचेच, ते म्हणाले, "आमी मयतीले आलो, कामाले नाई."

कंत्राटदारानं गफ्फारच्या हातात माइक कोंबला. "कोणी मेलेलं नाही म्हणून सांगा. घरी जायला सांगा सगळ्यांना."

गफ्फारनं हारांनी झाकलेल्या बुंध्याकडे पाहिलं, मागं झाड पाडायला आणून उभ्या केलेल्या मशीनकडे पाहिलं.

"मशीन वापस पाठवा साहेब. लगेच सांगतो."

"मशीन कशी परत जाईल?"

"मंग मी कायले खोटं बोलू?"

मशीन शेवटी बाहेरच्या माणसानं चालवली. चिंच पडेपर्यंत कोणी उठलं नाही. मग पुरुषांनी हापशीवर हातपाय धुतले आणि दुकानं उघडली. हरीओमच्या अहवालात 'उत्स्फूर्त लोकसहभाग' असं आलं. गफ्फारला मात्र कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावात एक म्हातारा वारला. ऑटो निघाला, आणि शटरं खाली आली.