मौलवीसाहेबांचा डावा अंगठा

तक्रारदार: मी स्वतः, कचेरीबाहेरचा अर्जनवीस, शिक्षण मराठी तिसरी, अनुभव अपार. प्रतिवादी: मौलवीसाहेब, मलकापूरच्या अत्तरविक्याचे चिरंजीव, पुढे येथील कॉलेजात फारशीचे अध्यापक, हल्ली उत्तरेकडील एका विद्यापीठाचे प्रमुख. काळ: महाराजांच्या कारकिर्दीचा. साक्षीदार: समोरचा पानवाला.

"ही फुलं कुणाच्या मयतीला वो?" असे म्हणून प्रतिवादी माझ्या अर्जांतील विशेषणे खोडीत. पाच भाषा अवगत. पण दरबारी अर्ज मोडीत लागे आणि मोडी त्यांना वाचता येई, लिहिता येत नसे. म्हणून दर गुरुवारी ते माझ्या सतरंजीवर येत. कधी वसतिगृहाला खोली हवी, कधी उर्दू शाळेला छप्पर. मी 'कृपासिंधू, दीनवत्सल' लिहावे, त्यांनी 'छप्पर गळते' एवढेच ठेवावे. छप्पर मात्र मिळे. त्याचे श्रेय मी अजून घेतो.

पानवाल्याने पुडी दिली, तर हा विद्वान पान विसरून पुडीचा कागद वाचीत बसे.

पुढे विद्यापीठाचे बोलावणे आले. दरबारने मोकळे केल्याशिवाय जाता येईना. अर्ज अर्थात माझ्याकडे. त्यांनी जावे असे मला वाटत नव्हते. मन थाऱ्यावर नव्हते, हात सवयीने चालला. अखेरीस नेहमीची ओळ उतरली: 'अर्जदार निरक्षर असून मजकूर वाचून दाखविला, मान्य म्हणून डाव्या हाताचा अंगठा.' मी शाईवरची वाळू झटकीपर्यंत साहेबांनी अंगठा उमटवलाही.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. कारकून ओरडला, "अंगठेबहाद्दराच्या हाती विद्यापीठ द्यायचं व्हय?" सारी कचेरी हसली. माझी अब्रू गेली.

"साहेब, आपण वाचले नाही काय?"

"वाचलं की! म्हटलं, मला अडवायचा ह्यो तुमचा डाव दिसतोय. दिला अंगठा. आठ दिवस गावलं न्हवं?"

ते आठही दिवस ते माझ्या सतरंजीवर येऊन बसले होते. नवव्या दिवशी मी दोनच ओळी लिहिल्या. विशेषण एकही नाही. त्यांना खोडायला काही सापडेना.

"आत्ता कुठं लिवाय आलं तुम्हास्नी," म्हणाले आणि सही केली. मंजुरी त्याच दिवशी आली. माझ्या उभ्या हयातीतला उत्तम अर्ज तो, आणि त्यानेच माझा घात केला.

तेव्हापासून गुरुवार येतात, साहेब येत नाहीत. त्यांच्या जागी पानवाला बसू पाहतो. मी बसू देत नाही.

सबब विनंती की, उपरोक्त विद्वद्रत्न, ज्ञानसागर, निर्दय प्रतिवादीने याचे उत्तर लेखी देऊ नये. यातील विशेषणे मुद्दाम ठेवली आहेत. ती खोडण्यास समक्ष यावे.