ऑर्डरमधला बेडूक

नोएडात तेव्हा रोज नवा कारखाना उभा राहत होता. त्यांतल्याच एका चामड्याच्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली. परदेशातल्या हौशी लोकांना जुन्या पायदळाच्या पट्ट्यांच्या हुबेहूब नकला हव्या असत. त्यांच्या इंग्रजी ऑर्डरी कारागिरांसाठी हिंदीत उतरवणं हे माझं काम. माझ्या इंग्रजीचा तोरा तर काही विचारू नका.

एका ऑर्डरीत होतं, ‘बेल्ट विथ फ्रॉग’. मी ऐटीत लिहिलं, ‘मेंढक वाला बेल्ट’. साहेब लोकांचे शौक, असं म्हणून कारागिरांतल्या म्हाताऱ्या उस्तादांनी सुबक बेडकाचा ठप्पा कोरला आणि पट्ट्यावर उमटवला. नमुना बघायला गिऱ्हाइकाचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. नमुना नापास झाला तर तुझी सुट्टी, असं मालकांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

तो पट्टा मी मिरवायला म्हणून मयूर विहारला घरी नेला. बाबा पायदळातून निवृत्त झालेले. बेडूक पाहून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“अगं, फ्रॉग म्हणजे संगिनीचं म्यान पट्ट्याला लटकवायचा कप्पा. आमच्या वेळी कापडी होता, त्याआधी चामड्याचा.”

नमुना उद्याच दाखवायचाय, हे मी त्यांना सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्र पसरलं आणि कात्री हातात घेतली.

सकाळी कागदी कप्पा घेऊन ते माझ्याबरोबर बसने आले. चूक माझी, हे मी उस्तादांना सांगून टाकलं. ते म्हणाले, “बिटिया, मेंढक बना दिया तो ये भी बना देंगे.” दोघे म्हातारे मांडीला मांडी लावून बसले. टाके कुठे दुहेरी हवेत यावरून दोनदा जुंपलीसुद्धा.

तीन वाजता गिऱ्हाइकाचा माणूस आला. त्यानं चामड्याचा कप्पा नव्या कोऱ्या पट्ट्यात ओवला, ओढून पाहिला, उलटा करून शिवण पाहिली. मग म्हणाला, बाकीच्या कारखान्यांनी इथेच माती खाल्ली, ऑर्डर तुमची. मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली.

त्याचं लक्ष बाबांकडे गेलं. “आप कौन सी कंपनी से हैं?”

खाजगी नोकरी ही काय नोकरी, म्हणून मला वर्षभर पिडणारे बाबा ताठ उभे राहिले.

“इनकी कंपनी से,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.