बाय पोचली का?

माझे थोरले साडू आजवर पुण्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण सैबेरियातल्या एका दलदलीत आज ऊन आहे की पाऊस, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस सबंध रायगड जिल्ह्यात त्यांच्याशिवाय दुसरा नसेल. महाडच्या बाजारात त्यांचं पाण्याच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे. ते चांगलं चालतं, कारण ते त्यांचे दोन मुलगे चालवतात. साडू गल्ल्याशेजारच्या कोपऱ्यात, संगणकासमोर बसून फक्त उत्साही असतात. मागे त्यांनी गच्चीवर अळिंबी लावली आणि ती उगवली या आनंदात सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. अळिंबी एका माणसाला पुरेल एवढीच निघाली. माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, यांनी बाकीच्यांना पिठलं वाढून अब्रू राखली. मग पाऊस मोजायचं यंत्र आलं. एका पुरात सावित्री नदीचं पाणी दुकानाच्या पायरीला लागलं, मुलगे पंप माळ्यावर चढवत होते आणि हे छत्रीखाली उभे राहून शेजाऱ्यांना मिलिमीटर सांगत होते.

पण या सगळ्या उत्साहांना पुरून उरली ती बाय. बाय म्हणजे एक कुरव पक्षी, आपण ज्याला सरसकट सीगल म्हणतो तो. हिवाळ्यात हे पक्षी उत्तरेतून येतात आणि आमच्या दासगावच्या खाडीपर्यंत आत शिरतात. त्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवायला काही अभ्यासक मंडळी आली होती. जाळी उभारायला त्यांना पाइप हवे होते. पाइप पोचवायला साडू स्वतः गेले आणि तिथेच रमले. यंत्र बांधताना एक पक्षी त्यांच्या हातात दिला गेला. त्याने त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला आणि तिथेच नातं जुळलं. तो वण ते अजून गिऱ्हाइकांना दाखवतात. अभ्यासकांनी पक्ष्याला नंबर दिला होता. साडू म्हणाले, "नंबराने काय हाक मारायची? हिचं नाव बाय." ही मादीच आहे कशावरून, असं अभ्यासकांनी विचारलं, तर म्हणाले, "चावली कशी ते पाहिलंत ना?" ताई तिथे नव्हत्या म्हणून हे वाक्य खपलं.

अभ्यासकांच्या नकाशावर बाय कुठे आहे ते एका लाल ठिपक्याने दिसायचं, आणि तो नकाशा इंटरनेटवर कोणालाही बघता येत असे. झालं. दुकानाच्या संगणकावर बिलं दिसेनाशी झाली. पोलादपूरकडचा एक शेतकरी पंपाचा फुटवॉल्व्ह घ्यायला आला, त्याला साडूंनी आधी खाडी दाखवली, मग बाय दाखवली, मग पाठीवरच्या दप्तरासारख्या त्या यंत्राला ऊन कसं लागतं ते दाखवलं. बिचाऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "शेट, पाखरू झ्याक हाय. पन माज्या कलिंगडांना पानी नाय, त्याचा बगा की."

शिमगा झाला आणि ठिपका उत्तरेला सरकू लागला. साडूंच्या मते शिमग्याला थांबली हा तिचा समजूतदारपणा होता. माहेरवाशीण सण टाकून सासरी जात नाही. सासर कुठलं आणि माहेर कुठलं, यावर मी वाद घालून पाहिला. ते म्हणाले, "साडूभाऊ, जिथे अंडी घालायची, पोरं वाढवायची, मरमर राबायचं ते सासर. जिथे येऊन नुसतं खायचं आणि वाळूवर लोळायचं ते माहेर. यात तुम्हाला कळत नाही असं काय आहे?" मी पोलादपूरला शाळेत शिकवतो, पण इथे मी विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. साडूंना मुलगी नाही. ती असावी असं त्यांना फार वाटत होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे घरातलं माणूस गावाला निघालं की लगेच केर काढत नाहीत. साडूंच्या आईचा दंडक त्याहून कडक होता: माणूस पोचल्याचं कळेपर्यंत केरसुणीला हात नाही. बाय दुकानातल्या नकाशावरून निघाली, म्हणून दुकानाचा केर बंद. पक्षी काही पोलादपूरला चालला नव्हता. तो कच्छला रेंगाळला, पाकिस्तानावरून गेला, कुठल्याशा तळ्यावर मुक्कामाला राहिला. इकडे पंपांवर बोटाने नावं लिहिता येऊ लागली. मुलगे चिडले, ताईंनी नाकाला पदर लावला. माझा वर्ग चालू असताना फोन यायचा, "साडूभाऊ, डोंगर ओलांडला." वर्गातली पोरं मला विचारायची, "सर, बाय पोचली का?" अखेर ती सैबेरियात पोचली तेव्हा साडूंनी बाजारात पेढे वाटले आणि मुलांनी दुकान धुऊन काढलं.

थंडीच्या तोंडावर ती परत निघाली. मुंबई ओलांडली, बाणकोटवरून आत वळली, दासगावला आली. साडू दुर्बीण घेऊन खाडीवर धावले, पण दिसली नाही. आणि दुसऱ्या दिवशी ठिपका थेट वरंधला. समुद्राचा पक्षी घाटाच्या तोंडाशी. तिसऱ्या दिवशी सकाळी औद्योगिक वसाहतीत, संध्याकाळी परत वरंधला. रोज तेच. साडू उत्साहाने वेडे व्हायचे बाकी राहिले. अन्नासाठी पक्ष्याने शोधलेला हा नवा मार्ग आहे, जगाला कळवायला हवं, असं ते मला ठासून सांगू लागले. ठिपका रस्त्याच्या प्रत्येक वळणावर वळत होता, बिरवाडीच्या थांब्यावर थांबत होता आणि आठवड्याची सुट्टी वरंधला काढत होता. ताईंनी चहा ठेवता ठेवता एकदाच नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही बसने जाते."

साडूंचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे वरंधच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. कंपनीची बस आली, ठिपका आला, आणि खांद्याला पिशवी लावलेला एक कामगार उतरला. पिशवीच्या बंदाला बायचं दप्तर लटकत होतं. आम्ही विचारल्यावर तो घाबरला. "मासं धराया गेल्तो दासगावला, थितं चिखलात गावला ह्यो. कंपनीतल्या सायबाला दावायला रोज नेतंय, पन सायेब जाग्यावर गावतच नाय."

साडूंनी यंत्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "तिथे पिसं होती का? रक्त?"

"नाय ओ. काय सुदिक नाय. निस्ता पट्टा, दोरा तुटल्याला."

तिथूनच अभ्यासकांना फोन लावला. ते म्हणाले, पट्ट्याचा दोरा काही काळाने झिजून तुटावा असाच केलेला असतो, पक्षी मोकळा होतो. ती जिवंत आहे ना, असं साडूंनी विचारलं. "बहुतेक," ते म्हणाले. साडूंना त्या 'बहुतेक'वर पुन्हा उत्साह चढला. परतीच्या वाटेवर, मोटरसायकलवर माझ्या मागे बसून ते कानात ओरडत होते, "माहेरी आल्यावर पोरगी दारातच बॅग टाकते, साडूभाऊ. हिने टाकली. एवढंच झालंय."

तो सगळा हिवाळा ते दर रविवारी खाडीवर जात होते. तिथल्या शेकडो पक्ष्यांत बाय कोणती, हे कळायला आता मार्ग नव्हता, म्हणून ते सगळ्यांनाच फरसाण टाकत. शिमगा झाला आणि खाडी रिकामी झाली. दुकानाचा केर पुन्हा बंद झाला. या वेळी फोन आला नाही, पेढे आले नाहीत. पंपांवर धूळ चढत गेली आणि मुलगे, नवल म्हणजे, चिडले नाहीत. शेवटी ताईंनीच मधला मार्ग काढला. सगळं दुकान त्यांनी स्वतः झाडलं, फक्त साडूंच्या खुर्चीखालचा, संगणकासमोरचा कोपरा तेवढा सोडला. त्यालाही आता बरेच महिने झाले. बाय पोचल्याचं कळलेलं नाही, त्यामुळे तो केर अजून तसाच आहे. मी त्यांची इतकी थट्टा करतो, पण त्या कोपऱ्यातून जाताना मीही पाय उचलून टाकतो.