मातीची कुंडी

सांगलीत लेकाच्या फ्लॅटवर राहायला आलो आणि शेजारच्या नव्या इमारतीनं गॅलरीतलं ऊन खाल्लं. तेव्हापासून एक नर्सरीवाला सावलीची झाडं आणून देतो. कवठे महांकाळचा, कोरडवाहू मुलखातला माणूस. कधी बसत नाही, चहासुद्धा उभ्यानं पितो, आणि बोलायच्या आधी प्रत्येक कुंडीत बोट खुपसतो.

गेल्या महिन्यात त्यानं लावलेले दोन नेचे कुजले. मातीतलं बोट काढून म्हणाला, "आवं आण्णा, ह्यो ऊस न्हाई. सावलीतल्या झाडाला एवढं पाणी कशाला पाजताय?"

"पाटंला जाग येती. हात गप बसत न्हाईत," मी म्हणालो.

त्यानं नवे नेचे लावले आणि कोपऱ्यात एक कुंडी नुसती मातीनं भरून ठेवली. "हिच्यात काय लावलं न्हाई. लय वाटलं तर हिला पाणी पाजा."

मला रागच आला. तरी रोज पहाटे तिलाच पाणी घालतो. परवा तिच्यात गवत उगवलं. जन्मभर उसातलं तण उपटलं मी. आता हात तिथवर जातो आणि माघारी येतो.