देवाचा घोडा आणि माझा डावा पाय

गाव सोडलं त्या सकाळी जत्रा होती. ओढ्यावर देवाच्या घोड्याला आंघोळ घालत होते आणि मी पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीच्या फाट्यावर बसलेलो. ढोल तिथपर्यंत ऐकू येत होता. आई सोडायला आलेली. वडील आले नाहीत, ते घोड्यापाशी होते. घरातून निघताना एवढंच म्हणाले, "देवाचं काम हाय. मनाला लावून घिऊ नगं."

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना हे माहीत आहे. पण जे माझ्यासारखे पोटासाठी इकडे शहरात आले, त्यांच्या पोरांसाठी सांगतो. जत्रेत पालखीपुढे घोडा चालतो आणि त्यावर बसायचा मान आमच्या घराचा. आजोबा बसले, वडील बसले, मग मी. शाळेत माझं डोकं चाललं नाही, दहावी काठावर निघाली आणि दप्तर टाकलं. पण घोडा येत होता. त्या जोरावर फौजेत घोडदळात सवार झालो. तेव्हा केवढं कौतुक केलंत तुम्ही माझं!

लढाईत घोडे नव्हते, हे मी किती वेळा सांगितलं. घोडे हल्ली परेडला आणि खेळांना. लढाई लागली तशी आम्हाला ट्रकमध्ये घालून सीमेवर नेलं, घोडे मागे पागेत राहिले. गोळा फुटला तेव्हा मी पाण्याचा कॅन घेऊन चाललेलो. किरचा डाव्या गुडघ्यात घुसल्या. पाय वाचला, गुडघा कायमचा सरळ राहिला. तुमच्यातल्या काहींनी मात्र चहाच्या टपरीवर वेगळंच ठरवून टाकलं. "फौजेत जाऊन घोड्यावरनं पडला की रं!"

घोड्यावर डावा पाय रिकिबीत घालून डावीकडून चढतात. माझा तोच पाय आता वाकत नव्हता. आमचे रिसालदारसाहेब दवाखान्यातून मला थेट पागेत घेऊन गेले. म्हणाले, उजवीकडून चढ, घोड्याला सवय नसेल तर लाव. घोडा एका माणसाचा नसतो, चांगल्या हाताचा असतो. त्या माणसामुळे मी परत बसलो, घोडा दौडवलासुद्धा. हे ऋण मी रोज आठवतो.

पेन्शनीत निघून गावी आलो, जत्रा तोंडावर होती. देवळात बैठक झाली. देवाच्या घोड्यावर अव्यंग माणूसच बसतो, असं ठरलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट माझा सत्कार करायचाही ठराव केला! आणि मान चुलतभाऊ दत्तूला गेला. वडील त्या बैठकीत होते.

मग ती जत्रेच्या सकाळची एसटी, शहरात विठ्ठलवाडीला भाड्याची खोली आणि मानपाड्याला एका सोसायटीच्या गेटवर नोकरी. तिथले सेक्रेटरी भले माणूस. पाय बघून त्यांनी मला खुर्ची दिली, राउंड मारायचं काम दुसऱ्याला दिलं. तरी मला कायम धाकधूक. कमिटी बदलली तर? उभा राहणारा वॉचमन मागितला तर? मीटिंग असली की त्या दिवशी मी खुर्चीवर बसतच नाही. पायाच्या तपासण्यांसाठी ठाण्याला जायचं तर सुट्टी मागायलाही भीती वाटते.

गेल्या वर्षी दत्तूचा फोन आला. जुना घोडा गेला, नवा आणलाय, पाठीवर कुणाला घेत नाही. "दादा, तू आल्याशिवाय जत्रा न्हाय व्हायची. मला दोनदा आपटलाय त्यानं."

गेलो. सेक्रेटरींनी सुट्टी दिली, वर गाडीभाड्याचं विचारलं. खरं सांगतो, मनात एकच होतं. इतक्या वर्षांनी तुम्ही स्वतःहून बोलावलंय, तर यंदा मला बसवाल.

घोडा वाईट नव्हता, घाबरलेला होता. खरारा केला, हातानं हरभरे चारले, ढोलाजवळ नेऊन उभा केला. मग उजवीकडून चढलो. पहिल्यांदा थरथरला, मग चालला. ओढ्याच्या वाळूत मी त्याला रोज फिरवायचो आणि तुम्ही काठावर जमायचात. वडीलही काठी टेकून यायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, "बसणं बघ गड्याचं! खांब रवल्यागत." वडील हसले. ते मी बघितलं.

तो घोडा तसाच ठेवला असता, फक्त माझा, तर तुम्हाला मला विचारावंच लागलं असतं. जत्रा जवळ येत होती आणि दत्तू जवळ गेला की तो कान मागे टाकत होता. माझ्या मनात ते आलं. पण ज्या रिसालदारसाहेबांनी मला पुन्हा घोड्यावर बसवलं, त्यांनी असा घोडा शिकवायला शिकवलेलं नाही. मी दत्तूला वर चढवला, लगाम धरून पुढे चाललो. दुसऱ्या दिवशी लगाम सोडला.

जत्रेच्या सकाळी घोडा सजून दारात उभा. दत्तूनं फेटा काढून माझ्यापुढं धरला. "दादा, तू बस. मी सांगतो समद्यांना. घोडं तुझं हाय."

सगळी भावकी जमलेली. मी वडिलांकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातला माणूस, त्यांच्या शब्दापुढे त्या दिवशी कोण गेलं असतं?

वडील म्हणाले, "दत्तू, उशीर हुतोय."

दत्तू चढला. घोडा जागचा हलला नाही, इतका शांत उभा राहिला. चांगला शिकवलेला घोडा असाच उभा राहतो. मी दुपारच्या एसटीनं निघालो, आईनं पोळ्या बांधून दिल्या.

वडील रविवारी फोन करतात. घोडा बरा आहे म्हणतात, यंदा कधी येतोस विचारतात. सुट्टी नाही, असं सांगतो. सुट्टी मिळते, मागितली तर.

हे वाचून रागावू नका. तुमच्यावर राग धरून मी जगू शकत नाही आणि राग नाही असंही म्हणवत नाही. परवा सोसायटीत नवीन राहायला आलेल्या बाईंनी गेटवर विचारलं, "काका, गाव कुठलं तुमचं?"

"गाव न्हाय. मानपाड्याचाच मी," म्हणालो.

त्या हसल्या. "काहीतरीच काय काका! बोलता तर साताऱ्याकडचे."

मागे त्यांचा टेम्पो हॉर्न देत होता. मी उठलो आणि गेट उघडलं.