सत्तेचाळीसाव्या पानावरची सही

विद्यापीठाच्या रसायन विभागात, तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात एक खोली होती. तिला एक दार आणि एक खिडकी. दार सामान आत यायला, खिडकी सामान बाहेर द्यायला. काचेची भांडी, नळ्या, हातमोजे, मिठापासून ॲसिडपर्यंतच्या सगळ्या बाटल्या त्या खोलीत नांदत, आणि त्या सगळ्यांवर एका बाईचं राज्य होतं. कागदोपत्री ती भांडारपाल. पण अख्खा विभाग तिला सहीबाई म्हणे.

हे नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

विभागात संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला एक जाड, बांधीव वही मिळे. पानांवर आकडे छापलेले. रोजचं काम पक्क्या शाईने लिहायचं. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पान कोरं राहिलं तर त्यावर तिरकी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणी त्यात काही घुसडणार नाही. उद्या एखाद्या शोधाचं पेटंट घ्यायची वेळ आली, तर तो कुणाला सुचला नि कधी सुचला याची साक्ष ही वही देणार होती. वहीवर विश्वास बसावा म्हणून प्रत्येक पानाखाली, त्या कामात नसलेल्या एका माणसाची सही लागे. सहीच्या जागेवर छापलेलं असे : 'वाचले. समजले.'

सहीबाईच्या आधीचा भांडारपाल चहा पिता पिता चाळीस पानं उरकायचा. बाई नव्याने आली तेव्हा पहिल्याच दिवशी एक संशोधक तसाच गठ्ठा घेऊन आला. बाईने पहिलं पान वाचलं. मग परत वाचलं.

"मला समजलं नाही."

"अहो, तुम्हाला कशाला समजायला हवं? सही करा नि सुटा."

"मग इथे 'समजले' कशाला छापलंय? 'बघितले' छापून आणा, आत्ता करते."

तो माणूस तिच्यापुढे बसून नऊ ओळी समजावत होता. तासभर लागला. उठताना त्याला घाम फुटला होता, पण सातव्या ओळीतली स्वतःचीच चूक त्याला सापडली होती.

बाईचा हा हट्ट उगाच नव्हता. शाळेत ती दहा वर्षं 'समजलं' म्हणत आली होती. मास्तरांनी विचारावं, "समजलं का?" आणि वर्गाबरोबर हिनेही मान डोलवावी. घरी वडिलांपुढे तेच. शेवटी दहावीच्या गणितात ती अशी आपटली की शाळाच सुटली. तेव्हा तिने मनाशी गाठ मारली, की न समजलेल्याला समजलं म्हणून पुन्हा कधी म्हणायचं नाही.

तर अशी बावीस वर्षं गेली. रोज चार वाजता खिडकी उघडायची, वह्या घेऊन रांग लागायची. नवी पोरं कुरकुरत, जुनी पोरं त्यांना म्हणत, "गप उभा राहा. तिला समजलं की समज तुलाही समजलं." ऐकून ऐकून बाई इतकं शिकली होती, की बाटलीचं झाकण उघडायच्या आधी आत काय बिघडलंय ते सांगायची. हातात पदवी नव्हती, पण तिच्या सहीमागे कधी खोटं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता. तो ती लपवतही नसे.

त्या रांगेत दोन वर्षं एक मुलगी यायची. डोक्यावर कुरळ्या केसांचं रान, म्हणून बाई तिला कुरळी म्हणे. कुरळी विभागप्रमुखांच्या हाताखाली काम करायची. सर म्हणजे उंच, ताठ, कमी बोलणारा माणूस. अकरा वर्षं ते एका डिंकाच्या मागे होते. पाण्याखाली, ओल्या वस्तूवर चिकटेल असा डिंक. तो चिकटायचा, पण दोन दिवसांनी तडकायचा. अकरा वर्षं तो तडकतच होता.

एके दिवशी कुरळी कोपरापर्यंत भिजलेली बाही घेऊन खिडकीशी आली.

"सहीबाई, मला काहीतरी सुचलंय."

"दम खा आधी. मग सांग."

"शेवटी आम्ही डिंकाचा गोळा स्पिरिटने धुतो ना, तिथेच तो कडक होतो. मी परवा कोमट मिठाच्या पाण्याने धुतला. अजून तडकला नाही."

"मीठ कशाला?"

"आतलं जास्तीचं पाणी ओढून घेतं."

"बरं. मग गार पाणी का नको?"

"गार पाण्यात वरची साल आधी घट्ट होते. आतला मळ आतच अडकतो."

"मग उकळतं घे की."

"हे बघा!" म्हणून पोरीने बरोबर आणलेल्या भांड्यात कढत पाणी ओतलं आणि त्यात एक गोळा सोडला. बघता बघता गोळा ढगासारखा विरून गेला. "कोमटात साल मऊ राहते, नि गोळाही टिकतो."

बाईने मान हलवली. शाळेत हलवायची तशी नव्हे. "समजलं," म्हणाली, आणि तारीख घालून सही केली. वहीत पोरीने एवढंच लिहिलं होतं : 'कोमट मिठाच्या पाण्याने धुतले. सांधा पक्का.' मग तिने बरणीतल्या पाण्याखालीच काचेच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आणि बरणी बाईला भेट दिली. बाईचा नवरा गॅरेजात मिस्त्री होता. एकदा डबा द्यायला आला तेव्हा त्याने पकड लावून ओढून पाहिलं. काच तुटली असती, सांधा सुटला नसता. बरणी खिडकीच्या फळीवर तशीच राहिली.

पुढे चार महिन्यांनी कुरळीचं नि सरांचं बिनसलं. शोधनिबंधावर नाव कुणाचं आधी, यावरून. पोर तडकाफडकी दुसऱ्या गावी नोकरीला गेली. जाताना नियमाप्रमाणे वही जमा करून गेली.

आता पेटंटचा अर्ज तयार झाला. शोध लावणाऱ्यांच्या रकान्यात एकच नाव होतं, सरांचं. वरच्या मजल्यावर पेटंट कक्ष होता. तिथल्या वकीलबाई बारकाईने वाचणाऱ्या. त्यांनी कुरळीची वही मागवली आणि सरांना विचारलं, "ही धुण्याची पायरी त्या मुलीच्या वहीत आहे. मग तिचं नाव का नाही?"

"मीच तिला तसं करायला सांगितलं होतं," सर म्हणाले.

"मग ते तुमच्या वहीत असेल. साक्षीच्या सहीचं पान दाखवा. परवा अर्ज जायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सहीबाईला केबिनमध्ये बोलावलं.

"या. बसा."

बावीस वर्षांत ते तिला 'बसा' म्हणाले नव्हते. ती उभीच राहिली.

सरांनी वही उघडून पुढे सरकवली. पान सत्तेचाळीस. "हे सहीचं राहून गेलंय. गेल्या वर्षीचं आहे. तेवढी तेव्हाची तारीख घालून सही करा."

बाईने वाचलं. 'विद्यार्थिनीला डिंक कोमट मिठाच्या पाण्याने धुण्यास सांगितले.' तारीख कुरळीच्या पानाच्या तीन दिवस आधीची. शेजारच्या पानांवरची शाई मळकट झालेली, या पानावरची नव्या कोऱ्या बांगडीसारखी चकाकत होती.

"सर, हे पान कोरं होतं. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, सत्तेचाळीसवर रेघ ओढा. तुम्ही म्हणालात, ओढतो."

सर हळू आवाजात म्हणाले, "अकरा वर्षं, बाई. या डिंकात माझे केस पांढरे झाले. ती पोर आली, दोन वर्षं राहिली नि गेली. शेवटचं धुणं तिने धुतलं म्हणून शोध तिचा?"

हा माणूस खोटं बोलत होता, पण त्याचं दुःख खोटं नव्हतं.

"डिंक तुमचाच आहे, सर. त्याला कोण नाही म्हणतंय? धुणं तिचं आहे."

"तुमचंही नाव घालू," सर एकदम म्हणाले. "तुम्ही प्रश्न विचारता, त्याची मदत झालीच की. शोधकर्त्यांत तुमचं नाव. छापील."

आता खरं सांगायचं तर बाईला मोह झाला. गणितात आपटलेल्या पोरीचं नाव, आडनावासकट, पेटंटच्या कागदावर! मास्तर हयात असते तर त्यांच्या दारात नेऊन दाखवला असता. क्षणभर तिला तो कागद हातात असल्यासारखा वाटला. मग तिने तो मनातल्या मनात खाली ठेवला.

"सर, मला ते समजलं होतं. सुचलं नव्हतं."

सरांचा चेहरा दगडासारखा झाला. "आठ महिने राहिलेत ना तुमच्या निवृत्तीला? जुन्या इमारतीच्या गोदामात माणूस हवाय. तिथे खिडकी नाही."

"सही मी चार वाजता करते. खिडकीवर. वही घेऊन या," एवढं बोलून बाई निघाली. सरांना वाटलं, नमली.

त्या दुपारी रांग लागली, पण सर आले नाहीत. संध्याकाळी जेवताना तिने मिस्त्रीला सगळं सांगितलं. मिस्त्री घास चावत म्हणाला, "माझ्या बापाने माझ्या प्रगतीपुस्तकावर न बघताच सही केली होती. म्हणून तर मी पास झालो."

"थट्टा सुचते तुम्हाला. गोदामात घालतील मला."

"घालू देत. मी गाडीखाली उताणा पडून तीस वर्षं काढली, मला कुठे खिडकी होती?" मग तो गंभीर झाला. "नाही म्हणायचं कसं, ते ठरवलंस का? तो साहेब आहे. तोंडावर खोटारडा म्हणशील तर तुझ्यावरच उलटेल."

"कुणाला काही म्हणायचं नाही. रोज करते तेच करीन."

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला सर वही घेऊन आले. रांग संपली असेल असा त्यांचा अंदाज होता. पण सहीबाईची रांग सव्वाचारला कधी संपते? सहा जण उभे होते. सरांना पाहून सगळे बाजूला झाले आणि जिन्याशी चिडीचूप उभे राहिले.

बाईने चष्मा लावला. पान वाचलं.

"समजावा, सर."

"म्हणजे?"

"सगळे समजावतात. त्याशिवाय मी सही करत नाही."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण डोळ्यांच्या सहा जोड्या पाठीवर होत्या. "मिठाच्या पाण्याने डिंक स्वच्छ होतो. साधी गोष्ट आहे."

"कोमटच का?"

"ऊब असली की काम लवकर होतं."

"मग गार का नको?"

"गारही चालेल. वेळ लागेल, इतकंच."

"आणि उकळतं?"

"उकळत्याने तर आणखी लवकर," सर म्हणाले. "बाई, सही."

रांगेतलं कुणीतरी खोकलं. फळीवरच्या बरणीत काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून शांत उभ्या होत्या. कुरळीची वही सरांनी वाचली होती, पण तिच्यात 'कोमट' एवढाच शब्द होता. का, ते पोरीने फक्त या खिडकीवर सांगितलं होतं.

बाईने पेन उचललं. सरांचे खांदे सैल पडले. बाई सावकाश लिहू लागली, शाळकरी वळणाच्या मोठ्या अक्षरात. छापील 'समजले' या शब्दापुढे तिने एक शब्द वाढवला, खाली त्याच दिवसाची तारीख घातली, आणि सही केली.

'वाचले. समजले नाही.'

वही तिने फिरवून सरांपुढे ठेवली. सरांनी ते वाचलं. त्यांचा हात पानाकडे गेला आणि थबकला.

"फाडता येणार नाही, सर," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पानांवर आकडे आहेत. खोडायचं असेल तर एक रेघ मारा, पण खालचं वाचता आलं पाहिजे."

मग तिने सरांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "पुढचं कोण?"

वकीलबाईंनी ते पान पाहिलं आणि अर्ज थांबवला. खाली येऊन त्यांनी बाईला कोमटाचं विचारलं. बाईने कढत पाण्यापासून सालीपर्यंत सगळं सांगितलं. मग कुरळीला फोन गेला. तिने न विचारता तेच सांगितलं, शब्दाला शब्द. अर्ज दहा दिवस उशिरा गेला, पण दोन नावांनी गेला, सरांचं आणि कुरळीचं.

त्याच महिन्यात फळ्यावर सूचना लागली. यापुढे साक्षीची सही संगणकावर होईल. 'वाचले, समजले' या चौकोनात टिचकी मारली की झालं. आणि सहीबाईची बदली जुन्या इमारतीच्या गोदामात.

गोदामाला खरंच खिडकी नव्हती. बाईने पहिल्या दिवशी दार सताड उघडलं, उंबऱ्यात स्टूल टाकलं आणि चार वाजता चष्मा लावून बसली. पहिला दिवस कुणी आलं नाही. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी एक जण वही छातीशी धरून अंगण ओलांडून आला.

"सही नको, सहीबाई. फक्त ऐका. कुठेतरी चुकतंय."

आठवड्याभरात उंबऱ्यापासून झाडापर्यंत रांग पोचली.

कुरळीचा फोन आला तो त्याच सुमारास. पोर रडत होती. "माझ्यासाठी तुम्ही खिडकी घालवलीत."

"तुझ्यासाठी? उगाच मोठी होऊ नकोस हं," बाई म्हणाली. "त्यांनी समजावलं, आणि मला खरंच समजलं नव्हतं. जे झालं तेच लिहिलं."

"मी अर्जाची प्रत पाठवलीय तुम्हाला. मिळाली?"

"मिळाली. आत्ता मांडीवरच आहे. हे तिसऱ्या पानावर वकिली भाषेत काय लिहिलंय गं? 'सदर द्रावणाचे तापमान' वगैरे. चार वेळा वाचलं."

"ते म्हणजे कोमट पाणी, सहीबाई."

"मग कोमट म्हणायला काय झालं होतं?" बाईने पाय पसरले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "समोर रांग उभी आहे, असू दे. तू पहिल्यापासून समजाव."