थोरलीचं सोनं

कालित्सा माझ्या वरच्या मजल्यावर राहते. तिला हसताना मी पाहिलंय ते फक्त कुणाचं तरी वाईट झाल्याचं ऐकताना. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. "मग काय रडू?" म्हणाली. आम्ही दोघी कार्पाथोस बेटावरच्या एकाच डोंगरी गावच्या. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात येऊन जन्म गेला, पण भांडायची वेळ आली की हत्यारं अजून गावचीच काढतो.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी गावची रीत सांगावी लागते. आमच्याकडे आईचं सगळं थोरल्या लेकीचं. घर तिचं, ऑलिव्हची झाडं तिची, पवनचक्की तिची आणि सोन्याच्या नाण्यांची माळही तिची. ही माळ सणाला छातीवर घातली की चालताना वाजते, म्हणजे कोण आलंय ते बघायला मान वर करावी लागत नाही. अशा थोरलीला आम्ही कानाकारा म्हणतो. आणि धाकटीला काय? धाकटीला थोरली. तिच्या घरी राहायचं, तिचं पीठ मळायचं, तिच्या शेळ्या राखायच्या, तिची पोरं मोठी करायची आणि स्वतःच्या लग्नाचं नाव काढायचं नाही. आमच्या घरात वाटण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या थोरल्या बहिणीला आईकडून दमा तेवढा मिळाला. म्हणून आम्ही बहिणी अजून एकमेकींशी बोलतो.

कालित्साची थोरली अर्खोंदुला. तिचा नवरा बाल्टिमोरला हॉटेलात भांडी घासून डॉलर पाठवायचा, आणि इकडे त्याच्या घरातली भांडी कालित्सा घासायची. ऑगस्टात मेरीमातेच्या सणाला अर्खोंदुला नटायची तेव्हा तिला नटवायचं कामही हिचंच. कशिद्याचा झगा चढवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, माळेतलं एकेक नाणं पुसून ती छातीवर सरळ लावायची. "रुमालाची गाठ मी जरा करकचूनच मारायचे," कालित्सा सांगते. "रात्री तिचं डोकं दुखायचं. मग चेपायलाही मीच."

तिशी उलटली तेव्हा ती पळाली. पेरामाच्या गोदीतला एक वेल्डर सुट्टीत गावी आला होता, बोलायला बरा, दिसायला यथातथा. पहाटेच्या बोटीनं दोघं गेली. अर्खोंदुलानं मागून निरोप धाडला, "गाढव चोरीला गेलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं." गावानं तो निरोप जसाच्या तसा पोचवला. आमचं गाव असल्या कामात कधी चुकत नाही.

पण देवालाही कधीकधी खोड्या सुचतात. अर्खोंदुलाला तीन मुलगेच झाले, मुलगी नाही. आणि कालित्साला पहिली मुलगीच झाली. आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, म्हणून कालित्सानं लेकीचं नाव मारुका ठेवलं, दोघींच्या आईचं. रीत सांगते, आजीचं नाव जिचं, आजीचं सोनं तिचं. थोरलीच्या पोटी मुलगी नाही, तेव्हा माळ ओघानंच इकडे यायला हवी. अर्खोंदुला तोवर पोरांना घेऊन नवऱ्याकडे गेली होती. बारशाच्या दिवशी बाल्टिमोरहून तिचा फोन आला, "नाव चोरलंस, आता माळही चोरायला येशील." कालित्सा म्हणाली, "चोरायला कशाला? तू मेलीस की आपोआप येईल."

त्या दिवसापासून ती वाट बघत होती. नवरा गेला, गुडघे गेले, वाट बघणं काही गेलं नाही. मारुका स्टुटगार्टला दातांची डॉक्टर झाली. ईस्टरला फोन करते आणि आपल्या नावाच्या संताच्या सणाला आईचे फोन घेते. दुसरी मुलगी फोतिनी. ती आईजवळ राहते, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करते, आईचा रक्तदाब बघते, तिला सूप करून घालते आणि जेवताना माळेची गोष्ट रोज नव्यानं ऐकते. फारशी बोलत नाही. त्या घरात बोलायला कालित्सा पुरते.

तर गेल्या हिवाळ्यात पिरेअसमधल्या आमच्या ग्राममंडळाचा अध्यक्ष थिओदोसिस मिठाईचा पुडा घेऊन जिना चढून वर आला. मी तिथेच होते.

"मावशी, आनंदाची बातमी!" तो म्हणाला. "अर्खोंदुला मावशी अथेन्सला येतायत. त्यांचा सणाचा सगळा पोशाख, माळेसकट, जुन्या संसदेतल्या इतिहासाच्या संग्रहालयाला देतायत. रविवारी समारंभ आहे. आपल्या गावाचं नाव होणार!"

फोतिनी सूप ढवळत होती, तिचा हात थांबला.

"आणि मावशी," थिओदोसिसला कळलंच नाही आपण कुठे उभे आहोत ते, "त्या म्हणाल्या, मधातल्या तळलेल्या पट्ट्यांच्या दोन पराती कालित्सा करेल. तिच्या हातच्या छान होतात."

कालित्सानं मिठाईचा पुडा उचलून त्याच्या हातात परत कोंबला. "तिला सांग, मोलकरीण कधीच पळून गेली. आणि रविवारी मी येणार आहे. हात हलवत."

मी तिला नको जाऊस म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं.

रविवारी आम्ही तिघी आगगाडीनं गेलो. फोतिनीनं सुट्टी काढली होती. आईची उशी, पाणी, गोळ्या, जाड स्वेटर, सगळं तिच्या एका पिशवीत. पायऱ्या चढताना मी सांगितलं की पूर्वी इथेच एका जुगाऱ्यानं पंतप्रधानाला भोसकलं होतं. "घर भांडणासाठीच बांधलेलं दिसतंय," कालित्सा म्हणाली आणि गुडघे दुखत असूनही जरा भरभर चढली.

आत तलवारी, पिस्तुलं, फाटके झेंडे आणि भिंतीभर मिशाळ वीर. ती कुठे थांबली नाही. सभागृहात अर्धगोलात बाकं, जिथे बसून आमचे पुढारी एकमेकांच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढत. मध्ये काचेचं कपाट. त्यात बिनचेहऱ्याची बाहुली, अंगात तो कशिद्याचा झगा आणि छातीवर माळ. कालित्सा सरळ गेली आणि काचेवर पंजा ठेवला.

"बाई, हात नका लावू," राखणदार मुलगी म्हणाली.

"माझेच हात लागलेत त्याला. पूस किती पुसतेस ते."

पहिल्या रांगेत अर्खोंदुला बसली होती. फरचा कोट, काठी, दोन्ही बाजूंना अमेरिकेत पोसलेले मुलगे. तिघांनाही कालित्सानं कडेवर वाढवलेलं, पण त्यातला एकही उठला नाही. आमच्या नावाच्या चिठ्ठ्या शेवटच्या रांगेत होत्या, कॉफीच्या टेबलाला लागून. थिओदोसिसनं मुद्दाम केलं नसेल. थोरली पुढे आणि धाकटी भांड्यांजवळ, हे त्याच्या हाडातच आहे.

दोन बहिणी इतक्या वर्षांनी समोरासमोर आल्या.

"जाड झालीस," अर्खोंदुला म्हणाली.

"तू अजून आहेस?" कालित्सा म्हणाली.

एवढं बोलून दोघी आपापल्या जागी गेल्या.

भाषणं झाली. संग्रहालयातर्फे आलेल्या बाई गोड बोलल्या. मग अर्खोंदुला काठी टेकत उभी राहिली. हे सोनं मी माझ्या हातांनी जपलं, म्हणाली. मग काचेकडे बघत म्हणाली, "माझ्यामागं हे घालणारं कुणीच नाही, म्हणून देशाला दिलं."

कुणीच नाही! माझ्या शेजारी कालित्साचा श्वास फुरफुरायला लागला. मलासुद्धा संताप आला. मारुका नावाची बाई जिवंत आहे, दात उपटते आहे, आणि ही देशाला सांगते कुणीच नाही.

इथवर सगळं निभावलं असतं. कालित्सा घरी येऊन महिनाभर ताटं आपटत राहिली असती, बस. पण थिओदोसिसनं चूक केली, आणि ती चूक आमच्याच गावचा माणूस करू शकतो. शोभेसाठी त्यानं लिरा वाजवणाऱ्याला आणलं होतं. लिरा, म्हणजे मांडीवर उभं धरून वाजवायचं आमचं तीन तारांचं वाद्य. ते एकदा सुरू झालं की ज्याच्या मनात सल आहे त्यानं दोन ओळी रचून गायच्या, ही रीत. गाणाऱ्याला अडवायचं नाही आणि उत्तर द्यायचं तर दोन ओळींतच. उत्तर सुचलं नाही तर हरलात. म्हणून शहाणा माणूस दोन वैऱ्यांच्या मध्ये लिरा काढत नाही. थिओदोसिसनं खूण केली आणि गज तारांवर फिरला.

कालित्सा उठली. आवाज फाटका, पण सभागृह अशाच आवाजांसाठी बांधलेलं.

"काचेत ठेवलंस सोनं बाई, लोकांनी पाहावं,
ज्या हातांनी पुसलं त्यांनी कुठं गं राहावं?"

पिरेअसहून आलेल्या आमच्या सगळ्या गाववाल्यांनी माना वळवल्या. संग्रहालयाच्या बाई कौतुकानं मान डोलवत होत्या. मुलांनी आईचा कोट ओढला, पण कानाकारा गप्प बसेल तर ती कानाकारा कसली? अर्खोंदुला बसल्या जागेवरून गायली,

"सोनं थोरलीच्या गळ्याचं, आईनं घातलेलं,
माझ्या घरचं खाऊन तोंड कसं गं उलटलेलं?"

"घे!" मागून कुणीतरी म्हातारा पुटपुटला. कालित्सानं श्वाससुद्धा घेतला नाही.

"खाल्लं तुझ्या उंबऱ्याचं, उंबऱ्यातच निजले,
तुझ्या पोरांच्या मुतानं गं कपडे माझे भिजले."

एक मुलगा बुटांकडे बघायला लागला. तोच थोरला असावा. अर्खोंदुलाचं तोंड उघडलं आणि मिटलं. लिरा वाजत होती, वाट बघत होती. कालित्सा लागोपाठ दुसऱ्यांदा गायली, पाळी नसताना, आणि आता आवाज फाटका राहिला नव्हता,

"आईचं नाव माझ्या लेकीला, गळा तिचा सुना,
नावामागं सोनं जातं, कायदा गावाचा जुना."

अर्खोंदुलाला उत्तर सुचलं नाही. काठी तेवढी हलत राहिली. आमच्या लोकांनी बाकांवर मुठी आपटल्या. मीही आपटल्या, अजून हात दुखतो. संग्रहालयाच्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "किती सुंदर परंपरा!" थिओदोसिस रुमालानं मान पुसत होता.

लिरा थांबल्यावर अर्खोंदुला साध्या बोलीत म्हणाली, "गाणं तू जिंकलीस. माळ इथंच राहणार." आणि मुलांचे हात धरून कॉफीकडे न बघता निघून गेली.

कालित्सा बाहेर पायऱ्यांवर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. आणि ती हसत होती. "बघितलंस तिचं तोंड? मेलेल्या माशासारखं!" माळ गेली ती गेलीच, पण भर सभेत हक्क कुणाचा ते गाव ऐकून गेलं, ह्यावर ती खूश होती. "मारुकाला आजच फोन करते. तिला कळू दे, आई तिच्यासाठी कशी उभी राहिली."

फोतिनीनं तिच्या खांद्यावर स्वेटर घातला, बटणं लावली. मग म्हणाली, "आई, एक विचारू? मावशीनं आज ती माळ काढून तुझ्या हातात दिली असती, तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? मारुकाला दिली असती. तिचीच ती."

"आणि मला?"

"तुला?" कालित्सानं नवल करून बघितलं. "तुला मी आहे की."

"तुझ्यानंतर?"

"माझ्यानंतर मारुका आहे. घर केव्हाच तिच्या नावावर करून ठेवलंय. ती काय तुला हाकलून देणार आहे? म्हातारपणी येईल इकडे राहायला, तिचं करशील, तूही राहशील. तुझी काळजी मी केलेलीच आहे गं."

मी कालित्साचा दंड दाबला, पण ती मारुकाच्या फोनचा विचार करत होती.

फोतिनीनं उशी, पाणी, गोळ्यांची पिशवी आईच्या पायाशी पायरीवर ठेवली, आपल्या कोटाची बटणं लावली आणि खाली उतरून रस्ता ओलांडला. स्टेशन ह्या बाजूला होतं, ती त्या बाजूला गेली.

"अगं, पिशवी!" कालित्सा ओरडली. "फोतिनी! माझी गोळीची वेळ झालीय!"

फोतिनीनं मागं वळून पाहिलं नाही. गर्दीत तिचा करडा कोट दिसेनासा झाला.

"हिला काय झालं एकाएकी?" कालित्सानं मला विचारलं. खरंच तिला कळलं नव्हतं.